ऊन सोसणारी झाडं, पाऊस न सोसणारी: डिचोलीतल्या एका परसातल्या रोपवाटिकेचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावातलं आहे. गावाचं नाव देत नाही, आणि बाईंना इथे नुसतं 'वहिनी' म्हटलं आहे. मी त्यांच्या रोपवाटिकेचा हिशेब तीन वर्षं लिहीत होतो. त्यामुळे चुका कुठे झाल्या हे मला माहीत आहे, आणि त्यातल्या काही माझ्या सल्ल्यानेच झाल्या.

वहिनींच्या यजमानांचा खाणीवर टिपर होता. मार्च २०१८ मध्ये खाणी पुन्हा बंद झाल्या आणि वर्षभर दारात उभा राहून गंजल्यावर टिपर विकला. त्या पैशांतून बँकेचं देणं फिटलं आणि थोडेफार उरले. घरामागे साधारण ३०० चौरस मीटरचं परसू, बारमाही विहीर, चार माड, एक फणस आणि रिकामा गोठा. गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, बोगनवेल आधीपासूनच होती, विहिरीच्या काठाला मोगरा आणि तुळशीसमोर तांबडी जास्वंद. शेजारीपाजारी फांद्या मागून न्यायचे. त्यावरूनच वहिनींच्या डोक्यात आलं की फुकट देतो ते पिशवीत लावून विकावं.

कोणती झाडं करायची हे गिऱ्हाइकांनीच ठरवून टाकलं. किनाऱ्याकडची गेस्ट हाउसं आणि म्हापसा-पर्वरीकडची नवी घरं एकच मागणी करायची: गच्चीच्या नाहीतर कंपाउंडच्या भर उन्हात टिकेल, एप्रिल-मेत रोज पाणी घालावं लागणार नाही आणि फुलत राहील असं झाड. म्हणजे बोगनवेल, फुगीर खोडाचं अडेनियम, झुपक्यांनी फुलणारा इक्झोरा, जास्वंद. बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली आणि अडेनियम आफ्रिका-अरबस्तानच्या कोरड्या पट्ट्यातलं. गोव्याचा मे महिना या दोघांना घरच्यासारखाच. पुढचे चार महिने मात्र घरच्यासारखे नाहीत, आणि सगळं प्रकरण तिथेच घडलं.

अडचण

पहिल्या वर्षी सगळी लावणी जूनमध्ये केली. त्यामागे सासूबाईंचा पन्नास वर्षांचा अनुभव होता. "पावसांत दांडो पुरलो तरी फुटता," हे त्यांचं वाक्य आणि तेच आमचं नियोजन. पहिली सर पडली तशी वहिनींनी बोगनवेलीचे ६००, इक्झोराचे ३०० आणि जास्वंदीचे २०० छाट लावले. मोगऱ्याच्या फांद्या वाकवून मातीत दाबल्या. अडेनियमची २५० रोपं फेब्रुवारीत बाहेरून आणली होती. पिशव्यांत तांबडी माती, शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समसमान भरलं. पिशव्या जमिनीवर ओळीने मांडल्या आणि वर पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी ताणली.

त्याआधी मार्चमध्येच बार्देशच्या किनाऱ्यावर बागा लावून देणाऱ्या एका गृहस्थांची ऑर्डर आली होती. ऑक्टोबरात, हंगाम सुरू होताना, हातभर उंचीच्या २०० बोगनवेली आणि ६० अडेनियम. बोगनवेल ९० रुपये, अडेनियम १५० रुपये. एकूण २७,००० होत होते आणि १२,००० रुपये आगाऊ मिळाले. ते पिशव्या, कोकोपीट आणि जाळीत जिरले.

जूनच्या अखेरीस सगळं छान दिसत होतं. बोगनवेलीच्या जवळजवळ प्रत्येक छाटाला पालवी फुटली होती. मी फोटो काढले आणि वहिनींनी ते नातेवाइकांना पाठवले. जुलैत पालवी कोमेजू लागली. एक छाट उपटून पाहिला तर खाली एकही मूळ नव्हतं, बुडखा काळा पडलेला. पालवी फुटली होती ती काडीतल्या साठ्यावर, आणि साठा संपला तशी ती वाळली. अडेनियमची पानं पिवळी पडून गळू लागली. वहिनींना वाटलं भूक लागली असेल, म्हणून त्यांनी विद्राव्य खत घातलं. आठवड्याभरात खोडं बोटाने दाबली की आत जात होती, पिकलेल्या केळ्यासारखी.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मोजणी केली. बोगनवेल ६०० पैकी ७०, अडेनियम २५० पैकी ४०, इक्झोरा ३०० पैकी १८०, जास्वंद २०० पैकी १७०. मोगऱ्याच्या दाब कलमांना मात्र जवळजवळ सगळीकडे मुळं आली होती.

हे आकडे नीट वाचले तर सासूबाईंचं वाक्य खोटं नव्हतं, अर्धं होतं. मोगरा, जास्वंद आणि इक्झोराला पावसाळी दमट हवा मानवते. मातीतल्या ओलीने मुळं धरतात. बोगनवेलीचं जूनमधलं लाकूड कोवळं आणि रसाने भरलेलं असतं. त्याला मुळं धरायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात बुडखा कुजतो. अडेनियम तर खोडातच पाणी साठवतं. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. ऊन नाही, माती सुकत नाही, मुळांना हवा नाही, अशा वेळी पिथियम-फायटोफ्थोरासारख्या बुरश्यांचं फावतं. आमच्या मिश्रणात एक तृतीयांश कोकोपीट होतं, आणि ते पाणी धरून ठेवण्यासाठीच वापरतात. वर ढगाळ दिवसातला उरलासुरला उजेड जाळीने आणखी अर्धा केला. आणि ज्या अडेनियमला पाणी नको होतं त्याला आम्ही पाण्यात विरघळवलेलं खत पाजलं.

मला यातली सर्वांत मोठी चूक लावणीची वाटत नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात दहा पिशव्या फोडून मुळं बघितली असती तर ऑर्डरवाल्याला तीन महिने आधी सांगता आलं असतं. आम्ही पानं बघत बसलो.

समोर होते ते पर्याय

ऑगस्टमध्ये ओट्यावर बसून जी चर्चा झाली ती तीन दिवस चालली. पहिला पर्याय यजमानांचा. आंध्रातल्या कडियमहून रोपांचे ट्रक येतात. तिथून तयार बोगनवेल आणि अडेनियम घ्यायचं, नवी पिशवी चढवायची आणि पुढे द्यायचं. ऑर्डर पूर्ण, तोंड उजळ. वाहतूक, मरतुक धरूनही थोडे पैसे सुटले असते. वहिनींना हे पटलं नाही, पण कारण तत्त्वाचं नव्हतं. आधीचे १२,००० संपले होते, नवा माल घ्यायला पुन्हा उसने काढावे लागले असते.

दुसरा पर्याय माझा: कर्ज काढून पॉलीहाउस, अनुदान मिळतं का ते विभागीय कृषी कार्यालयात विचारायचं. आता वाचताना मलाच हसू येतं. ज्या माणसाची मुळं धरत नाहीत त्याला मी लोखंडी सांगाडा विकत घ्यायला सांगत होतो.

तिसरा पर्याय सासूबाईंचा. बोगनवेल-अडेनियमचा नाद सोडा; जास्वंद, मोगरा, इक्झोरा, अबोली एवढंच करा, ती झाडं आपल्या पावसाला सरावलेली आहेत. हा पर्याय आम्ही पाच मिनिटांत उडवून लावला, कारण त्याला भाव कमी होता. जास्वंदीला ५० रुपये, अडेनियमला १५०. जगणारी १७० आणि जगणारी ४० हा गुणाकार त्या रात्री कुणीच केला नाही. केला असता तर जास्वंदीचे ८,५०० निघाले असते आणि अडेनियमचे ६,०००, त्यातूनही रोपं विकत आणायचा खर्च वजा.

चौथा पर्याय म्हणजे ऑर्डरवाल्याला फोन करून खरं सांगायचं. तो टाळण्यासाठीच बाकीचे तीन निघाले होते.

चवथ (गणेश चतुर्थी) आठ दिवसांवर आली तेव्हा वहिनींनी फोन केला. मी शेजारीच होतो.

"दादा, अडेनियम होणार नाहीत. बोगनवेलीही चाळीसच धड आहेत."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "मग तुमच्याकडे काय आहे ते सांगा. मला ऑक्टोबरात जागा भरायची आहे."

त्या एका वाक्याने महिनाभराचं ओझं उतरलं. त्यांना नाव महत्त्वाचं नव्हतं, उन्हात टिकणारं रंगीत झाड हवं होतं. ठरलं ते असं: ४० बोगनवेली, १०० इक्झोरा, ६० जास्वंदी. इक्झोरा आणि जास्वंद ५० रुपयांनी. एकूण ११,६००. ऑक्टोबरात टेम्पो भरून माल गेला आणि हातात एक पैसा आला नाही. उलट वरचे ४०० रुपये वहिनींनीच परत केले. ते त्यांनी चवथीला विकलेल्या तांबड्या जास्वंदीच्या कुंड्यांतून दिले.

काय केलं

दुसऱ्या वर्षी झाडं तीच ठेवली, पंचांग बदललं.

आधी छप्पर. पॉलीहाउस नव्हे: मामेभावाच्या कुळागरातून सुपारीचे खांब आणले, वर पारदर्शक जाड प्लास्टिक, अतिनील किरणांना टिकणारं. बाजू उघड्या, फक्त पश्चिमेला विणलेली चुडतं (माडाच्या झावळ्या), कारण झड तिकडून येते. लांबी आठ मीटर, रुंदी पाच. खर्च ११,००० रुपये. आत चिरे रचून त्यावर सुपारीच्या फाळ्या (चिरलेल्या पट्ट्या) टाकल्या आणि पिशव्या त्यावर ठेवल्या. पिशवी जमिनीपासून वीतभर वर उचलली की खालून पाणी निथळतं आणि हवा लागते. माझ्या मते निम्मा फरक या फाळ्यांनी पडला, आणि त्याला जवळजवळ काहीच खर्च नव्हता.

मग मिश्रण. अडेनियम आणि बोगनवेलीला कोकोपीट बंद. भरड वाळू मिळणं गोव्यात कटकटीचं झालं आहे, म्हणून चिरेखणीवरचा चुरा आणला, चाळून धूळ काढली आणि हरभऱ्याएवढे खडे ठेवले. दोन भाग खडे, एक भाग तांबडी माती, एक भाग जुनं शेणखत आणि एक भाग जाळून काळा केलेला भाताचा तूस. वरून ओतलेलं पाणी पाच-सात सेकंदांत खालून बाहेर आलं तर मिश्रण ठीक, अशी वहिनींची परीक्षा.

बोगनवेलीचे छाट आता डिसेंबर ते मार्चमध्ये. पेन्सिलीएवढ्या जाडीची पिकलेली फांदी, वीतभर लांब, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका, पानं काढून टाकलेली, बुडख्याला आयबीएची मुळं फुटवणारी पावडर. डिसेंबरचा घाणा रात्रीच्या गारव्यामुळे रेंगाळला. फेब्रुवारीचा सहा-सात आठवड्यांत लागला. छाट थेट विक्रीच्या पिशवीत लावले. बोगनवेलीची कोवळी मुळं केसासारखी असतात, एका पिशवीतून दुसरीत हलवताना तुटतात आणि झाड रुसतं. दुहेरी फुलांच्या आणि पांढरट पानांच्या जाती छाटाने लागेनात, त्यांना गुटी बांधली, म्हणजे झाडावरच्याच फांदीला मुळं आणली. गुटी मात्र पावसाळ्याच्या तोंडावरच. तिथे ओल आपल्या बाजूची, आणि फांदी आईझाडाशी जोडलेली असल्यामुळे उपाशी मरत नाही.

अडेनियम बियांपासून केलं. वाचलेल्या चाळीसांतली अकरा मोठी झाडं आईझाडं म्हणून ठेवली. नोव्हेंबरात चुडताच्या हिराच्या टोकाने परागकण एका फुलातून दुसऱ्यात नेले. हे काम डोळ्यांची परीक्षा बघणारं आहे, दहा फुलांत एखादं लागायचं. शेंगा बैलाच्या शिंगांसारख्या जोडीने येतात आणि पिकल्या की एका दुपारी तडकून बिया वाऱ्यावर उडतात, म्हणून त्यांना दोऱ्याचे वेढे घालून ठेवले. ताजं बी फेब्रुवारीच्या उबेत आठवड्याभरात उगवतं. ठेवणीतलं बी उगवायची खात्री नाही. असं केलं की जूनपर्यंत रोप चार महिन्यांचं होतं आणि खोड जरा जाड होतं. पावसाळ्यात छपराखाली, आणि पाणी पंधरा दिवसांतून एकदा, तेही रोपाने मागितलं तर. बियांच्या रोपाला आईचाच रंग येईल असं नाही. ठरावीक रंग हवा त्याला मार्च-एप्रिलमध्ये कलम बांधलं. चीक विषारी असतो. आफ्रिकेत तो बाणांना लावायचे. नातवंडं त्या बाजूला फिरकू नयेत म्हणून वहिनींनी दोरी बांधली, आणि कलमानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय चुलीकडे जायचं नाही असा घरात नियम झाला.

मोगऱ्याचा धडा वेगळा. शिरगावच्या लईराईच्या जत्रेला, वैशाख शुद्ध पंचमीला, मोगरीच्या फुलांची केवढी मागणी असते हे आमच्या भागात सांगायला नको. वहिनींनी डिसेंबरात मोगरा छाटला, पानं ओरबाडली आणि तीन आठवडे पाणी तोडलं. मग शेणखत आणि भरपूर पाणी. मार्चअखेर कळ्या धरल्या. कळ्यांनी भरलेल्या ९० कुंड्या जत्रेच्या आठवड्यात ८० रुपयांनी गेल्या, ७,२०० रुपये. तीन वर्षांतला हा सर्वांत सोपा पैसा, आणि तो सासूबाईंच्या यादीतल्या झाडातून आला.

इक्झोरात मात्र नवी चूक केली, आणि ती सविस्तर सांगण्यासारखी आहे. चुऱ्याचं नवं मिश्रण इतकं आवडलं की तेच इक्झोराच्या पिशव्यांतही भरलं. दोन महिन्यांत नवी पानं पिवळी झाली. मी म्हटलं नत्र कमी पडलं. युरिया दिला, फरक नाही. शेवटी जुने गोवे इथल्या कृषी विज्ञान केंद्रात पानं घेऊन गेलो. तिथे पहिला प्रश्न विचारला तो असा: पिवळी कुठली, जुनी की नवी? शिरा हिरव्या आहेत का? नत्र कमी पडलं तर जुनी पानं आधी पिवळी होतात. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या म्हणजे लोह मिळत नाही. लोह मातीत असतं. सामू (पीएच) वाढला की मुळांना घेता येत नाही. आमच्या तांबड्या मातीत लोहाला तोटा नाही आणि ती मुळात आम्लधर्मी, इक्झोराला अगदी हवी तशी. आम्हीच तिच्यात जळका तूस कालवला होता, जो अल्कधर्मी, आणि पाणी देत होतो नव्याने बांधलेल्या सिमेंटच्या टाकीतलं. मिश्रणाचा सामू ७.६ निघाला. हिराकस (लोहाचं सल्फेट) लिटरला पाच ग्रॅम, त्यात लिंबाचा रस, दहा दिवसांच्या अंतराने तीन फवारण्या, तूस बंद आणि पाणी थेट विहिरीचं. दीड महिन्यात पोपटी रंग जाऊन पानं काळपट हिरवी झाली.

पिठ्या ढेकणाबद्दल थोडक्यात: जास्वंदीवर तो येतोच, परसातल्या पपईवरूनही येतो. जोराच्या पाण्याने धुणं, साबणाचं पाणी आणि मुंग्यांची वाट तोडणं यावर भागलं.

काय निष्पन्न झालं

दुसऱ्या पावसाळ्यानंतर बोगनवेलीच्या ४०० छाटांपैकी २६० विकण्याजोगे होते. अडेनियमच्या ४०० बिया पेरल्या, ३२० उगवल्या, सप्टेंबरअखेर २८५ जिवंत. त्यांतली मऊ पडू लागलेली बारा रोपं वेळेवर हाती लागली: कुजका भाग पांढरा गाभा दिसेपर्यंत कापला, बुरशीनाशक चोळलं, आठवडाभर फळीवर सुकवली आणि कोरड्या खड्यांत परत लावली. बारांतली सात उभी राहिली.

तिसऱ्या वर्षाचा हिशेब: विक्री १,१८,०००, खर्च ५२,०००. शिल्लक ६६,०००, म्हणजे महिन्याला साडेपाच हजार. यात वहिनींची मजुरी धरलेली नाही. त्या रोज चार तास तिथे असतात. तासाला भागले तर पंचेचाळीस रुपये पडतात. मी हे त्यांना दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ते चार तास मी एरवी टीव्हीसमोरच बसले असते." मी वहीत मजुरीचा रकाना तरीही ठेवला आहे.

किनाऱ्यावरचे ते गृहस्थ अजून गिऱ्हाईक आहेत. फक्त आता ते मार्चमध्ये ऑर्डर देतात आणि वहिनी ती ऑगस्टमध्ये मोजणी झाल्यावर पक्की करतात. आगाऊ रक्कम तोवर घेत नाहीत.

पुन्हा करायचं तर

पहिल्या वर्षी बाहेरची २५० अडेनियम आणायला नको होती. दहा आणून एक पावसाळा काढून बघायचा होता. त्या २५० रोपांनी जे शिकवलं ते दहांनीही शिकवलं असतं.

जूनमध्ये मोगरा-जास्वंद-इक्झोरा, थंडी-उन्हाळ्यात बोगनवेल-अडेनियम, ही विभागणी पहिल्याच वर्षी जमली असती. त्यासाठी छप्पर लागत नव्हतं, सासूबाईंचं बोलणं पूर्ण ऐकून घ्यायला लागत होतं. त्या "दांडो फुटता" म्हणाल्या. कुठला, हे आम्ही विचारलं नाही.

नवं मिश्रण एकदम सगळ्या झाडांना वापरणं ही दुसऱ्या वर्षाची चूक पहिल्या वर्षाच्याच जातीची. पाच पिशव्यांत करून महिनाभर थांबता आलं असतं. आणि फोन. तो जुलैत केला असता तर बोलणं कदाचित इतकं सोपं गेलं नसतं, पण ऑर्डरवाल्याला दुसरीकडे बघायला वेळ मिळाला असता. ऑगस्टमध्ये तो आमच्यावर चांगुलपणाने वागला. तसा वागायला तो बांधील नव्हता.

एका गोष्टीवर वहिनींचं आणि माझं अजून जमत नाही. मला वाटतं अडेनियम कमी करून मोगरा दुप्पट करावा, आकडे तेच सांगतात. त्यांचं म्हणणं, मोगरा जत्रेपुरता, अडेनियम वर्षभर विकतं आणि न विकलं तरी दरवर्षी जाड होऊन महाग होतं. यंदा त्यांनी दोन्ही वाढवले.

मेअखेरीस, घराघरांत पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, बेगमी चालू असताना, छपराखाली सगळ्या पिशव्या फाळ्यांवर चढल्या. त्याच आठवड्यात पहिली सर आली आणि सासूबाईंनी गडग्यापाशी बोगनवेलीचा एक दांडा रोवला, दरवर्षी रोवतात तसा. यंदा त्याला पालवी फुटली आहे. खाली मुळं आहेत का ते उपटून बघायला त्या कुणाला देत नाहीत.